गाडीचे चाक आखावर नीट बसवणे: खीळ, वॉशर, बेरिंग आणि प्ले

चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाच्या भोकात घातलेली खीळ वरचेवर तुटते, तेव्हा दर वेळी आणखी जाड खीळ ठोकणारे पुष्कळ आहेत. त्याने दुखणे जात नाही, उलट आखाचे भोक मोठे होते. खीळ किंवा नट चाकाला ओढून धरण्यासाठी नसतोच. चाकाने किती हलावे (यालाच प्ले किंवा खेळ म्हणतात), तेवढे तो ठरवतो. आख सरळ असेल आणि चाक बरोबर बसले असेल, तर चालत्या गाडीत खिळीवर फारसा भार येत नाही. भार येत असेल तर चाक बाहेर ढकलले जात आहे असे समजा. ते का ढकलले जाते हे आधी शोधायचे आणि हत्यार नंतर हातात घ्यायचे.

खाली बेळगाव जिल्ह्यातल्या दोन्ही तऱ्हेच्या गाड्या घेतल्या आहेत. एक, खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि आडगावांत अजून दिसणारी लाकडी चाकांची, लोखंडी धावेची (घेरावर चढवलेल्या पट्टीची) गाडी. दुसरी, चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीकडे उसाच्या खेपा करणारी टायरगाडी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टायरगाडीचाच भाग लागू होतो, फक्त बेरिंग आणि नट मोठे असतात.

वेळ म्हणाल तर खंडेनवमीच्या आठवडाभर आधीची. गाडी धुऊन पुसून पूजेला लावायचीच असते, तेव्हा चाके उतरवून मगच धुवा. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की लोहार, लेथवाला आणि वेल्डिंगवाला यांपैकी कोणीच वेळेवर सापडत नाही.

आधी मापे, मग जॅक

गाडी उचलण्याआधी तीन मापे घ्या. यासाठी सपाट जागा हवी. देवळासमोरची फरसबंदी किंवा सिमेंटचे खळे चालेल, शेतातली जमीन चालणार नाही. गाडीत थोडे ओझे असलेले बरे, कारण रिकामा आख सरळ दिसतो आणि भरला की वाकतो.

पहिले माप चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंतराचे. दोन्ही चाकांच्या पुढच्या बाजूला, आखाच्या उंचीवर, घेराच्या आतल्या कडेला खडूने खूण करा आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. मग गाडी सरळ पुढे इतकी ढकला की त्याच खुणा अर्धा फेरा घेऊन मागे, पुन्हा आखाच्या उंचीवर येतील. तिथे परत मोजा. खुणा त्याच ठेवल्यामुळे रिम किंवा घेर वाकडा असला तरी माप फसत नाही. पुढचे अंतर मागच्यापेक्षा एक-दोन सूत कमी असेल तर उत्तम, सारखे असेल तरी हरकत नाही. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर.) पुढचे अंतर जास्त भरले तर चाके पुढे फाकलेली आहेत. अशी चाके चालताना बाहेर पळू पाहतात आणि सगळा जोर खिळीवर येतो. पुढे किंचित मिटलेली चाके आत, आखाच्या खांद्याकडे (चौकोनी भाग संपून गोल भाग सुरू होतो तिकडे) सरकतात, आणि आपल्याला तेच हवे असते.

दुसरे माप चाक उभे आहे की कललेले याचे. ओळंबा चाकाच्या वरच्या कडेला लावा आणि खालच्या कडेपाशी दोरी किती दूर पडते ते पाहा. टायरचे चाक भरल्या गाडीत जवळपास उभे हवे. वरचा भाग आत आणि खालचा बाहेर गेला असेल तर आख मध्ये खचला आहे. मध्ये खचलेल्या आखाची दोन्ही टोके वर उचलली जातात, त्या उतारावरून चाक बाहेर घसरू पाहते, आणि टायरची आतली कड आधी झिजते. लाकडी चाकात एक बाब वेगळी आहे. काही चाकांचे आरे तुंब्यापासून (चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यापासून) घेराकडे जाताना बाहेर झुकवलेले असतात. अशा चाकाला घेराचा ओळंबा पाहून उपयोग नाही. सर्वांत खाली आलेला आरा उभा हवा, कारण त्या घडीला गाडीचे ओझे तोच एकटा पेलतो. त्यासाठी या गाड्यांच्या आखाची टोके मुद्दाम किंचित खाली झुकवतात. खाली झुकलेल्या टोकावर ओझे पडले की तुंबा आत दाबला जातो, त्यामुळे आरा उभा राहतो आणि खिळीवरचा ताणही जातो.

तिसरे माप आख गाडीला काटकोनात आहे का याचे. धुरीच्या टोकाला, जिथे जू बसते तिथे मधोमध खिळा ठोका. तिथून डाव्या चाकाच्या तुंब्यापर्यंत आणि उजव्या चाकाच्या तुंब्यापर्यंत दोरी ताणा. दोन्ही लांब्या सारख्या हव्यात, अर्ध्या इंचाचा फरक खपतो. जास्त फरक असेल तर आख तिरपा सरकला आहे. बहुतेक वेळा आख धरणारे यू-बोल्ट ढिले झालेले असतात. एक बैल सतत जास्त ओढतो अशी तक्रार असेल, तर बैल बदलण्याआधी हे माप घ्या.

खचलेला आख घरी घणाने सरळ करू नका. थंड ठोकलेला आख वरून सरळ दिसतो, पण खांद्यापाशी बारीक चीर पडते. ती चीर ओझ्याखाली कधी उघडेल त्याचा नेम नाही. आख तापवून प्रेसवर सरळ करून घ्या. बेळगावात उद्यमबागेत किंवा तालुक्याच्या गावी अशा मशीनशॉप आहेत. फार खचला असेल तर नवीनच घ्या. चीर आहे का हे पाहायला खांदा रॉकेलने पुसा, कोरडा करा आणि खडू फासा. चीर असेल तर काही मिनिटांत खडूवर तेलाची रेघ उमटते.

लाकडी चाकाची गाडी

बैल सोडा, धुरी टेकूवर ठेवा. जे चाक काढायचे नाही त्याच्या पुढे-मागे दगड लावा. जॅक आखाच्या लाकडाखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ घ्या. काळ्या जमिनीत जॅकखाली किमान दोन इंच जाडीची फूटभर फळी लागते, नाहीतर जॅक वर जाण्याऐवजी जमिनीत जातो. चाक सुटल्यावर आखाखाली ओंडका सरकवा आणि भार ओंडक्यावर उतरवा. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली हात घालू नये.

खीळ खालून वर ठोकून काढा. चाक दोघांनी धरून, हलवत हलवत बाहेर घ्या आणि उभेच लोटत न्या. डावे-उजवे खडूने लिहून ठेवा. बूश (तुंब्याच्या भोकातली लोखंडी नळी) आणि आख एकमेकांच्या झिजेला जुळलेले असतात, चाके अदलाबदल केली की दोन्हीकडे नवी घासणी सुरू होते.

आता आखाचे टोक आणि बूश रॉकेलने धुवा. आख फिरत नाही, चाक फिरते, त्यामुळे आखाची खालचीच बाजू झिजते, तर बूश आतून चहूबाजूंनी झिजतो. कॅलिपरने आखाची वर-खाली जाडी मोजा, मग त्याच जागी आडवी जाडी मोजा. फरक 1 मिलिमीटरच्या आत असेल तर चिंता नाही. 2-3 मिलिमीटर असेल तर वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून घ्यावा लागेल. काही जण आखच उलटा करतात, म्हणजे न झिजलेली बाजू खाली येते. सरळ टोकांच्या आखाला ही युक्ती उत्तम आहे. पण टोके खाली झुकवलेला आख उलटा केला तर तीच टोके वर होतात आणि चाक खिळीवर जाऊन बसते. उलटण्याआधी आख सपाट फरशीवर ठेवून पाहा.

बूश तुंब्यात घट्ट आहे का हे हातोडीच्या हलक्या टकटकीने कळते. घट्ट बूश भरीव वाजतो, ढिला खुळखुळतो. ढिला बूश चाकाबरोबर न फिरता लाकडात फिरू लागतो आणि तुंबा आतून कुरतडतो. तो काढून तुंब्याच्या भोकात सुकलेल्या साग किंवा बाभळीच्या पातळ पाचरी चहूबाजूंनी सारख्या बसवा, मग बूश ठोका. एकाच बाजूने पाचर मारली की बूश तिरका बसतो आणि चाक डुलते. पत्र्याच्या पट्ट्या घालण्याची सवय वाईट. पत्रा चेपतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच होते. ओलसर लाकडाची पाचरही तशीच, सुकली की ढिली.

धाव आणि आरे यांचे काम इथे नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. उन्हाळ्यात ढिले झालेले चाक हौदात भिजवून घट्ट होते खरे, पण सुकले की पुन्हा खुळखुळते. भिजवलेल्या चाकावर खेळाची मापे घेऊ नका, ती खोटी असतात.

वंगणाला एरंडेल किंवा करंज तेलात काजळी कालवलेले चालते, फक्त ते पुन्हापुन्हा लावावे लागते. ग्रॅफाइट घातलेले काळे ग्रीस जास्त टिकते. राख घालू नका, राखेतला कचरा बूश घासतो. वंगण आखावर चौफेर पातळ लावा, खालच्या बाजूला थोडे जास्त. बूशाच्या आतही बोट फिरवा.

वॉशर लावण्याचा क्रम असा: खांद्याशी तेलात मुरवलेला कातडी वॉशर, त्यावर चाक, चाकाबाहेर लोखंडी वॉशर, मग खीळ. चाक खांद्यापर्यंत पूर्ण आत ढकला, बाहेरचा वॉशर आणि खीळ घाला आणि खीळ व वॉशर यांमधली फट पाहा. एक ते दीड सूत फट हवी. हा मोकळेपणा चुकून राहिलेला नाही, तो लागतो. चाक चालताना थोडे आत-बाहेर सरकते, त्यामुळे वंगण आखाच्या पूर्ण लांबीवर पसरते. फट नसेल तर तुंबा तापतो आणि कातडी वॉशर जळून काळा पडतो. तीन सुतांपेक्षा जास्त असेल तर प्रत्येक खड्ड्यात तुंबा हातोड्यासारखा खिळीवर आदळतो.

फट कमी करायला वॉशर वाढवायचा, पण कोणत्या बाजूला? तुंब्याचे आतले तोंड झिजले असेल तर आत, बाहेरचे झिजले असेल तर बाहेर. दोन्ही चाकांची आखाच्या मध्यापासूनची अंतरे मोजून सारखी ठेवा. सगळे वॉशर एकाच बाजूला कोंबले तर एक चाक साटीला (गाडीच्या सांगाड्याला) घासू लागते. काथ्या, चिंध्या, सुतळी गुंडाळणे तर नकोच. त्यांत धूळ अडकते, वंगण शोषले जाते, आणि तयार होतो पॉलिश पेपर.

आता खीळ. भोकात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त ढिली नसावी. स्लॅबच्या सळईचा तुकडा वापरतात, पण सळईवरचे कंगोरे भोकाला मोजक्याच ठिकाणी टेकतात आणि भोक लंबगोल करतात. कडक खिळा आणखी वाईट, तो वाकायच्या आधी तुटतो. साधे मऊ लोखंड, गुळगुळीत, वर डोके असलेले हवे. न फिरणाऱ्या आखाचे भोक उभे ठेवलेले असते ते याचसाठी, की डोके वर ठेवून घातलेली खीळ स्वतःच्या वजनाने बसून राहावी. तरी खालच्या टोकाच्या भोकातून तार किंवा कातडी वादी ओवून बांधा. दगडी रस्त्यावर धक्क्याने खीळ वर उडते. गाडी उतरणीला लागण्याआधी वादी हाताने चाचपून पाहावी.

टायरगाडी: बेरिंगचे चाक

इथे आतल्या बाजूला मोठे आणि बाहेरच्या बाजूला लहान अशी दोन टेपर रोलर बेरिंगे असतात. बाहेर जिभेचा वॉशर, कॅसल नट (खाचांचा नट), स्प्लिट पिन (दोन पायांची पिन) आणि टोपी. टेपर बेरिंग म्हणजे निमुळते रोलर. नट आवळला की रोलर कपात (बाहेरच्या निमुळत्या कडीत) रुततात, सैल केला की सुटतात. म्हणून इथे नटाच्या एका खाचेचा फरकही मोठा असतो.

बेरिंग मागायला जाताना जुन्याचा नंबर घेऊन जा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की आतल्या भोकाचे मिलिमीटर येतात: 30206 म्हणजे 30 मिलिमीटर, 30208 म्हणजे 40. कोन (रोलरांसकट आतली कडी) आणि कप एकाच कंपनीचे, जोडीनेच घ्या. नवा कोन जुन्या कपात बसवणे हे हंगामाच्या मध्ये चाक जाम होण्याचे हमखास कारण.

1. चाक उचला, ओंडका द्या, टोपी काढा. स्प्लिट पिन सरळ करून ओढून टाका, ती पुन्हा वापरायची नाही. नट आणि वॉशर काढा. चाक थोडे बाहेर ओढले की बाहेरचे बेरिंग हातात येते. ते स्वच्छ फडक्यावर ठेवा, मातीवर ठेवू नका.

2. सगळे रॉकेलने धुऊन वाळवा. बेरिंग कंप्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, गंमत वाटते पण रोलर पिंजऱ्यातून उडतो. आता रोलर आणि कप उजेडात पाहा. निळसर-तांबूस रंग म्हणजे बेरिंग तापले होते. पापुद्रा निघालेला दिसला तर बेरिंग संपले. कपावर रोलरांच्या अंतराअंतरावर तपकिरी रेघा असतील तर गाडी पावसाळाभर एका जागी उभी होती आणि आत पाणी होते. या तिन्हींपैकी काही दिसले तर बेरिंग बदला.

3. कप काढताना हबमधल्या (चाकाच्या लोखंडी तुंब्यातल्या) खाचेतून पितळेच्या किंवा मऊ लोखंडाच्या छिन्नीने आळीपाळीने समोरासमोर ठोका. अडकून बसला असेल तर वेल्डिंगवाल्याकडून कपाच्या आतल्या बाजूला एक आडवा टाका मारून घ्या. थंड होताना कप आकसतो आणि निघून येतो. नवा कप जुन्या कपाचा आधार घेऊन ठोका आणि तळाला टेकला की थांबा. ठोकण्याचा आवाज पोकळ होता तो भरीव होतो, ती खूण.

4. ग्रीस भरताना थोडे तळहातावर घ्या आणि बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, जोवर वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीस बाहेर येत नाही तोवर. बाहेरून चोपडलेले ग्रीस काही कामाचे नाही. हबची पोकळी एक तृतीयांश ते निम्मी भरा. पूर्ण भरली तर ग्रीस घुसळून तापते आणि सील (ग्रीस अडवणारी कडी) फोडून बाहेर पडते. लिथियमचे मल्टिपर्पज ग्रीस वापरा. वेगळ्या जातीचे जुने ग्रीस असेल तर आधी पूर्ण धुवा, दोन जाती मिसळल्या की पातळ होऊन वाहतात.

5. आतले बेरिंग बसवून ऑइल सील लावा. स्प्रिंगची बाजू आत, ग्रीसकडे. लाकडाचा ठोकळा ठेवून सरळ ठोका. आखावर सीलच्या ओठाने गोल चर पाडला असेल तर नवे सीलही गळेल. शक्य असेल तर सील 2-3 मिलिमीटर कमी आत बसवा, म्हणजे ओठ ताज्या जागी येतो.

6. चाक आखावर सरळ सरकवा, बाहेरचे बेरिंग, वॉशर आणि नट लावा. आता आवळणी. फूटभर लांबीच्या पान्याने, टोकावर साधारण 20-25 किलोचा जोर देऊन नट आवळा, आणि आवळत असताना दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहा. चाक न फिरवता आवळले तर रोलर वाकडे टेकतात, नट घट्ट लागतो, आणि दोन किलोमीटरवर सगळे ढिले. फिरवत आवळल्याने कप आणि कोन जागेवर बसतात, जादा ग्रीस बाजूला होते.

7. मग नट पूर्ण सैल करा. या वेळी चाक फिरवू नका. नट फक्त बोटांनी, पान्याशिवाय, टेकेपर्यंत फिरवा. खाच आणि आखाचे भोक जुळले तर पिन घाला. जुळत नसेल तर नट सैल करत जवळच्या खाचेवर आणा. जुळवण्यासाठी आवळायचे कधीच नाही.

हा शेवटचा नियम का, ते हिशोबाने पाहा. कॅसल नटाला सहा खाचा असतात, म्हणजे एका खाचेला फेऱ्याचा सहावा भाग. आटे 1.5 मिलिमीटरचे असतील तर एका खाचेने नट पाव मिलिमीटर सरकतो, 2 मिलिमीटरचे असतील तर एक तृतीयांश. चाकाला आत-बाहेर प्ले हवा 0.03 ते 0.25 मिलिमीटर. म्हणजे एक खाच इकडे-तिकडे झाली की सगळी सूटच संपते. एक खाच जास्त सैल करावी लागली आणि चाक स्पष्ट हलू लागले, तर जिभेचा वॉशर थोडा घासून किंवा जाड-पातळ बदलून खाच जुळवा. आखाला काटकोनात दोन भोके असतील तर बाराव्या भागाची खाच मिळते आणि काम सोपे होते. नवीन आख घेताना हे विचारून घ्या.

प्ले तपासायला चाक वर आणि खाली धरून हलवा. जेमतेम जाणवेल इतकीच हालचाल हवी. टायरच्या कडेला सुतभर हलत असेल तर जास्त आहे. अजिबातच हलत नसेल आणि चाक फिरवून सोडल्यावर लगेच थांबत असेल तर घट्ट आहे. दोन्हींत निवडायची वेळ आली तर किंचित सैल बरे. सैल बेरिंग खडखडून सांगते, घट्ट बेरिंग गप्प जळते.

पिन भोकात भरून बसेल एवढी जाड घ्या. एक पाय आखाच्या टोकावरून वाकवा, दुसरा कापून नटाच्या बाजूला चिकटवा. पिनेऐवजी खिळा किंवा तार घालू नका.

जिभेच्या वॉशरकडे दुर्लक्ष होते, आणि निम्म्या तक्रारी त्यातूनच येतात. त्याची जीभ आखाच्या खाचेत बसते, त्यामुळे बेरिंग फिरले तरी वॉशर फिरत नाही आणि नटापर्यंत ओढ पोचत नाही. जीभ झिजली की वॉशर फिरू लागतो आणि नटाला सोबत घेतो. बाहेर उभे राहून पाहिले तर पुढे जाणाऱ्या गाडीचे डावे चाक घड्याळाच्या उलट फिरते आणि उजवे घड्याळाप्रमाणे. साध्या आट्यांचा नट म्हणून डावीकडे सुटतो आणि उजवीकडे आवळत जातो. डावे चाक सारखे ढिले होते, उजवे सारखे तापते, अशी जोड-तक्रार ऐकली की आधी दोन्ही वॉशरांच्या जिभा पाहा.

कॅसल नटाऐवजी दोन नट आणि मध्ये लॉक प्लेट असेल, तर दुसरा नट आवळताना पहिला किंचित आत दाबला जातो. म्हणून पहिला नट थोडा जास्त सैल ठेवा, दुसरा आवळा आणि मगच प्ले तपासा. कमी भरला तर दोन्ही सोडून पुन्हा.

रिमचे नट

याला थोडक्यात सांगून चालेल. नटाची निमुळती बाजू रिमकडे. पाच स्टड असतील तर एक सोडून एक अशा चांदणीच्या क्रमाने, सहा असतील तर समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. पान्याला पाइप जोडून उड्या मारू नका, स्टड ताणला की तो पुन्हा धरत नाही. रिम आणि हब टेकतात त्या जागेचा रंग खरवडून काढा. पूजेसाठी नवा रंग दिलेल्या गाड्यांचे नट पहिल्याच खेपेत ढिले पडतात, कारण रंगाचा थर ओझ्याखाली चेपतो. पहिल्या भरल्या खेपेनंतर सगळे नट एकदा आणि 50 किलोमीटरनंतर परत एकदा पाहा. दोन्ही चाकांना टायर एकाच मापाचे, 6.00-19 असेल तर दोन्हीकडे 6.00-19, आणि झीजही जवळपास सारखी असावी. एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असला की गाडी बारीक चाकाकडे कलते आणि त्या बाजूच्या बेरिंगवर ओझे चढते.

पहिल्या खेपेत काय पाहावे

दोन-तीन किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही हबांवर तळहात ठेवा. कोमट असावेत. दहा आकडे मोजेपर्यंत हात ठेवता येत नसेल तर नट घट्ट आहे किंवा ग्रीस कमी-जास्त आहे. एक गार आणि एक गरम असेल तर गरम चाकाचा नट एक खाच सैल करून पुन्हा पाहा. तरीही तापले तर चाक उतरवा. तवंदी घाटासारख्या लांब उतारावरून आलेल्या, ब्रेक असलेल्या ट्रॉलीचे हब ब्रेकमुळेही तापते, म्हणून ही परीक्षा सपाट रस्त्यावर घ्या.

ओढ्यातून जाताना सांभाळा. चालून तापलेले हब एकदम गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांत बेरिंग लवकर जातात त्याला हेही एक कारण. पाण्यात उतरण्याआधी गाडी थोडी थांबवा. हब बुडलेच असेल तर त्या आठवड्यात टोपी काढून ग्रीसचा रंग पाहा. दुधाळ झाले असेल तर आत पाणी आहे, धुऊन नवे भरावे लागेल.

करकर आवाज चाकाच्या फेऱ्यागणिक एकदाच येत असेल तर कप किंवा रिममध्ये दोष. सतत येत असेल तर ग्रीस संपले. फक्त वळणावर येत असेल तर प्ले जास्त आहे.

वाटेत बेरिंग गेले तर

कारखान्याच्या रांगेत किंवा रात्री रस्त्यात चाक डुलू लागले तर ऊस उतरवल्याशिवाय पुढे ढकलू नका. तुटलेले रोलर आख खरडतात, आणि बेरिंगच्या खर्चात आखाचा खर्च जोडला जातो. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, मागे परावर्तक किंवा दिवा लावा, बैल सोडा. निदान अर्धा ऊस उतरवून मगच जॅक लावा. बाहेरचे लहान बेरिंग गेले असेल तर ते जागेवर बदलता येते, कप शाबूत असेल तर गाव गाठण्यापुरता नुसता कोन घालूनही चालेल, पण रिकाम्या गाडीने आणि पायी चालण्याच्या वेगाने. आतले बेरिंग गेले असेल तर सील, कप आणि आखाची पाहणी करावी लागते. ते काम रस्त्यावर करू नये, गाडी दुसऱ्या गाडीत चढवून न्यावी.

पेटीत बाहेरच्या बेरिंगचा जोड, दोन स्प्लिट पिना, एक जिभेचा वॉशर, पावशेर ग्रीस, फडके, फूटभर पाना आणि जॅकखालची फळी एवढे असू द्या. लाकडी गाडीच्या पेटीत दोन खिळी, दोन कातडी वॉशर आणि वादी. खिळी आपल्याच आखाच्या भोकात घालून पाहिलेल्या असाव्यात. दुकानातून अंदाजाने आणलेली खीळ अंधारात बसत नाही.